बिनडोळ्यांची जनावरं

यंदा आषाढ दोनदा आला. अधिक महिना असला की गणपती उशिरा येतात आणि मूर्तींच्या कारखान्यांचा हंगाम लांबतो, एवढं कॅलेंडर मला न बघताही कळतं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी बांबू येऊन पडले, त्यांच्यावर निळं प्लास्टिक चढलं, आत कॉम्प्रेसर धडधडायला लागला आणि मूर्तींची पांढरी पूड सगळ्यांच्या स्कूटरच्या सीटवर बसायला लागली. लोकांना या दिवसांत उत्साह येतो. मला संशय येतो. कशाचा ते विचारू नका. दूधवाल्याचा येतो, शेजारणीच्या हसण्याचा येतो, फोनवर पलीकडून काहीच न बोलता ठेवून देणाऱ्याचा येतो. नवरा म्हणतो, भाद्रपद जवळ आला की तुझ्यातला हवालदार जागा होतो. तो चेष्टेनं म्हणतो, पण मी त्याच्याकडेही जरा नीट बघून घेते.

नवीन पनवेलला मी चित्रकलेचा क्लास घेते. सरकारी ग्रेड परीक्षांना बसणारी मुलं येतात, फळांची टोपली आणि तांब्या काढतात. क्लासच्या आतल्या भिंतीवर माझी स्वतःची दोन चित्रं आहेत. एकात वटवाघूळ उलटं लटकलंय आणि त्याच्या पंखाखाली माणसांची घरं उलटी लटकलीयत. दुसऱ्यात एक घोरपड स्वतःची कात पांघरूण म्हणून ओढून घेतेय. नवीन आलेल्या आया फी विचारता विचारता तिकडे बघतात.

"हे मुलांना शिकवता?"

"नाही हो. मुलांना तांब्या."

"मग हे कोणी काढलंय?"

"मीच."

पुढच्या आठवड्यात ते मूल अबॅकसला जायला लागलेलं असतं. ज्या आया टिकतात त्या अर्थ विचारतात. वटवाघूळ म्हणजे मृत्यू का, घोरपड म्हणजे वाईट विचार का. मला अर्थ सांगता येत नाही. मला एवढंच माहीत आहे की पहाटे, जाग यायच्या जरा आधी, एखादं जनावर येतं. ते निघून जातं आणि त्यानं आणलेली भावना मात्र छातीवर बसून राहते. ती उठवायची तर त्या जनावराला कागदावर आणून बसवावं लागतं. याच्यापलीकडे त्यात काही कला आहे असं मला वाटत नाही. पण हे सुरू कधी झालं ते मात्र पक्कं आठवतं. ज्या वर्षी श्रावण दोनदा आला होता, त्या वर्षी.

तेव्हा आम्ही जुन्या पनवेलात, तळ्याच्या मागच्या गल्लीत राहायचो. तळमजल्यावर दोन खोल्या, वर जिना, जिन्यावर फरीदाखाला. तिचा नवरा कुवेतला होता. माझं कॉलेज संपलं होतं आणि नोकरी लागली नव्हती, म्हणजे घरात येणाऱ्या-जाणाऱ्याला सल्ला द्यायला मी आयती मिळत होते. बाबा वर्षभर लॉऱ्या रंगवायचे. न्हावा शेवाला कंटेनर वाहणाऱ्या लॉऱ्या कळंबोलीला उभ्या राहत, तिथे जाऊन ते त्यांच्यावर गाय-वासरू, मोर, गरुड काढून यायचे. गणपतीचा हंगाम आला की मात्र लॉऱ्या बंद. मग ते वासूदादाच्या कारखान्यात बसत आणि फक्त डोळे काढत. कारखान्यात याला आखणी म्हणतात. अंगाचा रंग कोणी मारी, धोतराची किनार कोणी करी, मुकुट कोणी, पण डोळे बाबांचे. गावातली माणसं मूर्ती ठरवताना विचारायची, "डोळे मास्तरच करणार ना?" बाबा तिथेच खाली मान घालून बसलेले असायचे आणि ऐकू न आल्यासारखं करायचे. त्यांना ते फार आवडायचं.

पहिल्या श्रावणात, म्हणजे अधिकातल्या, मला एक म्हैस दिसली. ती आमच्या जिन्यावर चढत होती. खूर टेकवायच्या आधी पायरी नाकानं चाचपत होती. जवळ आली तेव्हा कळलं, तिला डोळे नव्हते. फुटलेले नाही, मिटलेले नाही, नव्हतेच. डोळ्यांच्या जागी नुसतं काळं कातडं. तिनं मला हुंगलं आणि पुढे निघून गेली. बाकी काही झालं नाही. पण मी उठले ती रडतच उठले, आणि कशासाठी ते काही केल्या सांगता येईना. आईला सांगितलं तर म्हणाली, "रात्री वाल खाल्लेस ना दोनदा वाढून."

इस्त्रीवाल्याच्या टपरीबाहेर विझलेला कोळसा पडलेला असायचा. मी त्यातले चार तुकडे उचलून आणले आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर ती म्हैस काढली. शाळेत मीही तांब्याच काढला होता, त्यामुळे कोळशानं हात कोपरापर्यंत काळे करून काहीतरी काढणं हे मला नवीनच होतं. काढून झाल्यावर भूक लागली. फार दिवसांनी अशी भूक लागली होती. मग दोन-तीन दिवसांनी घुबड आलं, त्याचं सगळं तोंड पिसांनी शिवून टाकलेलं. मग बोंबील. आई उन्हाळ्यात करंजाहून सुके बोंबील आणायची, तिथे ते काठ्यांवर ओळीनं टांगलेले मी पाहिले होते. स्वप्नात ते सगळे एकदम माझ्याकडे वळले आणि त्यातल्या एकालाही डोळा नव्हता. प्रत्येक वेळी तेच, जनावर वेगळं आणि डोळे नाहीत. आणि प्रत्येक वेळी तीच भीती, की घरात काहीतरी चाललंय आणि ते मला सोडून सगळ्यांना माहीत आहे.

बाबांनी म्हैस पाहिली ती तांदळाच्या डब्यामागे ठेवून दिली होती तेव्हा. ते चहाची वाट बघत उभे होते. चित्र उचलून खिडकीशी नेलं, नाकाजवळ धरलं, लांब धरलं.

"हे कोणी सांगितलं काढायला?"

"कोणी नाही. स्वप्नात आली."

"डोळे कुठायत हिचे?"

"नव्हते."

"नव्हते," बाबा म्हणाले आणि माझ्याकडे बघत राहिले, "की तू काढले नाहीस?"

मला काही समजेना. बाबा रागीट नव्हते. माझ्या आठवणीत त्यांनी मला कधी मोठ्यानं हाक मारलेली नाही. त्या दिवशी त्यांचा आवाज बारीक झाला होता, आणि तो मोठ्या आवाजापेक्षा वाईट होता. "माझ्या घरात पुन्हा हे दिसता कामा नये," ते म्हणाले आणि चहा न घेताच गेले. आईनं तिच्या परीनं अर्थ लावला. देवाचे दिवस जवळ आलेत, अशा वेळी अभद्र काढू नये, नवरा देवाचे डोळे काढतो आणि मुलगी बिनडोळ्यांची जनावरं, लोक काय म्हणतील. मलाही तेच खरं वाटलं.

तरी जनावरं यायची थांबेनात. मग मी कोळसा घेऊन वर फरीदाखालाच्या गॅलरीत बसायला लागले. खालाला वाटलं होतं मी मोबाईलवर कोणाशी बोलायला वर येते. चित्र बघितल्यावर तिची निराशाच झाली असावी. मग ती जवळ येऊन वाकली.

"बरं झालं बाय, डोळे नाय काढलेस. जानदाराची तसवीर घरात असली का फरिश्ते दारातूनच परत जातात, आमची अम्मी सांगायची. याला डोळेच नाय, मग ही कसली जानदार? काढ, बिनधास्त काढ."

सगळ्या गल्लीत माझ्या चित्रांना नाव न ठेवणारी ही एकच बाई, आणि तीही अशा कारणानं. मी हसले. पण खाला जाता जाता दारात थांबली. "एक खरं सांग. यात तुला कोन दिसतंय?"

"कोणी नाही."

"बघ हां," खाला म्हणाली. भिंतीला कान असतात म्हणतात. आमच्याकडे जिन्यालाही होते. त्या दिवसापासून मला वाटायला लागलं की मी जे काढते ते खाली आईला कळतंय, आणि आईकडून बाबांना. मग मी खालासमोरही हात आखडता घेतला.

त्या महिन्यांत आमच्या घरात जो तो दुसऱ्याला तपासत होता. बाबा पेपर उघडायचे, लगेच घडी घालायचे, "आहे काय त्यात वाचण्यासारखं," म्हणायचे. रस्ता ओलांडताना आईचं कोपर धरायचे. आईला आधी लाज वाटली, मग बरं वाटलं, मग संशय आला. बाबांना उंबऱ्याला ठेच लागली की ती जवळ जाऊन त्यांच्या शर्टाचा वास घ्यायची. टर्पेंटाइनच्या वासाखाली दुसरा कुठला वास मिळतोय का, ते बघायची. कारखान्यात मी किनारी रंगवायला अधूनमधून जात होते. तिथे बाबा डब्यात ब्रश बुडवायच्या आधी विचारत, "हा काळाच ना रे?" सगळे हसत. मास्तर चेष्टा करतायत. वासूदादानं बारक्या मूर्ती त्यांच्यासमोरून उचलायला सुरुवात केली होती.

"मास्तर, तुमी मोठंच गणपती घ्या. बारीकसारीक कामात तुमाला कशाला गुंतवायचं? आमी करतो ना."

मला वाटलं, वासूदादा बाबांना गोड बोलून बाजूला सारतोय. मला वाटलं, बाबा पितात. मला वाटलं, दोघं मिळून माझं लग्न ठरवतायत आणि म्हणून माझ्यासमोर गप्प होतात. एकदा तर वाटलं, कळंबोलीला बाबांचं दुसरं घर आहे. हे लिहिताना हसू येतं, पण तेव्हा मी ते सगळं छान जुळवून ठेवलं होतं, कोणी विचारलं असतं तर पुरावेही दिले असते. संशय घ्यायचा म्हटलं की काय वाट्टेल ते सुचतं, फक्त समोरचं सुचत नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

हरतालिका आठवड्यावर आली तेव्हा मला तरस दिसलं. आजवरच्यांत ते सगळ्यात वाईट होतं. पुढून उंच, मागून खाली बसलेलं, पाठीवर केस उभे, जबडा उघडा आणि जबड्यात स्वतःचंच शेपूट. डोळे अर्थातच नव्हते. खाला कोणाच्या तरी साखरपुड्याला मुंब्र्याला गेली होती, वर कुलूप होतं, आणि हे जनावर छातीवर ठेवून दिवस काढणं मला शक्य नव्हतं. आई भाजीला गेलेली बघून मी घरातच बसले. कॅलेंडरचं पान कोळशानं पार भरून गेलं. हात पुसायला ओलं फडकं आणावं म्हणून मोरीत गेले, आणि बाबा दारातून आत आले. भर दुपारी ते कधी येत नसत. मी बाहेर येईपर्यंत ते खाटेवर बसले होते आणि तरस त्यांच्या हातात होतं.

मी भिंतीला टेकून उभी राहिले. आता बारीक आवाज येणार.

बाबांनी चित्र नाकाजवळ नेलं. मान एका बाजूला कलती केली, मग दुसऱ्या. आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलं होतं.

"वा," ते म्हणाले. "गाय छान आलीय. असं काढावं. शेजारी वासरू पण काढ म्हणजे जागा भरेल."

बाहेर भंगारवाला ओरडत होता, तो गल्लीच्या टोकापर्यंत गेला तरी मी तिथेच.

"कुठली गाय, बाबा?"

मी हळूच विचारलं होतं, पण आवाजानं सगळं सांगून टाकलं असणार. त्यांचं हसू लगेच गेलं. त्यांनी पान खाटेवर ठेवलं, बोटांनी चाचपून ठेवलं, आणि त्या एका चाचपण्यात मला सगळा हंगाम दिसला. पेपर, कोपर, उंबरा, काळ्या रंगाचा डबा.

"किती दिवस झाले?" मी विचारलं.

"मला काय विचारतेस? तूच तर चित्रं काढत होतीस माझी."

"तुमची?"

"आंधळी म्हैस. आंधळं घुबड. शब्दानं विचारायचं सोडून काढून दाखवत होतीस. मला कळत नाही असं वाटलं तुला?"

मी देवाची शपथ घेतली, आईची घेतली. म्हटलं, मला माहीत नव्हतं, खरंच स्वप्नात येत होती. बाबा ऐकून घेत होते, मान हलवत होते, पण ज्यांना काही पटलेलं नसतं त्यांची मान हलते तशी ती हलत होती.

"घरात एकाच्या डोळ्यांवर पडदा येतो," ते म्हणाले, "आणि त्याच महिन्यात दुसरीला बिनडोळ्यांची जनावरं दिसायला लागतात. असं होतं का कुठे? मला शेंड्या लावू नकोस."

मग त्यांनी सांगितलं. काचबिंदू होता. कुठल्याशा शिबिरात जाऊन एकटेच तपासून आले होते. गेलेलं परत येणार नव्हतं. कडेनं काळं होत होत आता मध्ये रुपयाएवढं उरलं होतं, तेही धुक्यातलं. आखणी हाताच्या सवयीनं चालली होती. कारखान्यात कोणाला कळलं तर डोळे त्यांच्याकडून जाणार, आणि डोळे गेले की मास्तर म्हणून त्यांच्यात काही उरणार नव्हतं. पण त्याहून मोठी भीती दुसरीच होती. चुकीच्या नजरेची मूर्ती कोणाच्या तरी देव्हाऱ्यापुढे बसेल, ती माणसं हात जोडतील, आणि देव भलतीकडेच बघत असेल.

"सगळे छान म्हणतात," बाबा म्हणाले. "वासू छान म्हणतो. तुझी आई बघायला आली तीही छान म्हणाली. खरंच छान होतंय की मला सांभाळून घेतायत, हे मी कोणाला विचारू?"

इतकं वाईट मला पुढेही कधी वाटलेलं नाही.

त्या दुपारचा मी नंतर पुष्कळ विचार केला. बाबांचा प्रश्न बिनतोड होता. असं होतं का कुठे? मी शपथा घेतल्या त्या खऱ्या होत्या. पण रोज जेवताना बाबांचा हात ताटात भाजी शोधताना मी बघत होतेच की. डोळ्यांनी पाहिलेलं मनानं नाकारलं आणि मग पहाटे कोणीतरी मागच्या दारानं ते आत आणून सोडलं, म्हशीच्या रूपात, घुबडाच्या रूपात. माझ्या आत एक कोणीतरी आहे जिला माझ्या आधी कळतं आणि जी मला सरळ सांगत नाही. लोकांवर संशय घेते म्हणून नवरा मला हसतो, पण सगळ्यात जास्त संशय मला तिचाच येतो. अजूनही नवं जनावर आलं की मी आधी घरातली माणसं निरखून घेते. मुलगा नीट जेवतोय ना. नवरा कशाबद्दल गप्प आहे. त्या मानानं चित्र काढणं सोपं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर बाबांनी मला उठवलं. "चल," एवढंच म्हणाले. कारखान्यात वासूदादा एकटाच होता, प्लास्टिकवर साचलेलं पाणी काठीनं उचलून बाहेर ढकलत होता. मला बघून त्याला काही नवल वाटलं नाही.

"आली का? बस बापाच्या बाजूला. कोन काय विचारलं तर सांगायचं, शिकतंय म्हनून." मग बाबांकडे न बघता म्हणाला, "मास्तर, तुमी काय काळजी करू नका. तुमच्या हातच्या बारक्या मूर्ती आमी नीट करूनच दिल्यात." म्हणजे त्यालाही माहीत होतं. कधीपासून, ते बाबांनी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही.

नवीन पनवेलच्या एका घरचा गणपती होता, हातभर उंचीचा. अंग, सोंड, धोतर सगळं झालेलं, फक्त डोळ्यांच्या जागी दोन पांढरे खळगे. ते बघून मला शहारा आला. दोन महिने मी डोळे सोडून सगळं काढलं होतं, आणि आता फक्त डोळे काढायचे होते. बाबा सांगत गेले. आधी तपकिरी, मग मध्ये काळा, पापणीची रेघ एका श्वासात ओढायची, मध्येच श्वास सोडायचा नाही. शेवटी पांढरा ठिपका. उजवा डोळा झाला. डाव्याच्या वेळी माझा श्वास मध्येच सुटला.

आखणी झाली की नजर बघायची असते. ती उभं राहून नाही बघायची. घरात आरतीच्या वेळी माणूस जिथे पाटावर बसेल, तिथे खाली बसायचं आणि समोर बघायचं. तिथून देव आपल्याकडे बघतोय असं वाटलं तरच मूर्ती उचलायची. बाबा भिंतीला हात लावत आले, मूर्तीसमोर बरोबर त्या जागी मांडी घालून बसले आणि मान वर केली. सवयच होती. मग त्यांच्या लक्षात आलं असावं की बसून उपयोग नाही. ते तसेच मान वर करून बसले.

"बघतोय का?" त्यांनी विचारलं.

मी "हो" म्हणणार होते. तोंडात आलं होतं. त्या माणसाला त्या क्षणी त्याशिवाय दुसरं काही सांगावं असं कोणालाच वाटलं नसतं. वासूदादा काठी घेऊन दारात थांबला होता, त्यानंही मला मान हलवून खूण केली, म्हण हो म्हणून.

"उजवा बघतोय," मी म्हटलं. "डावा भिंतीकडे गेलाय."

बाबांनी मान माझ्या आवाजाकडे वळवली.

"किती?"

"जरासाच. पण गेलाय."

"नक्की?"

"नक्की, बाबा."

त्यांनी मोठा श्वास सोडला. मी घाबरून त्यांच्याकडे पाहिलं, तर त्यांचे खांदे खाली आले होते आणि चेहरा सैल झाला होता, ताप उतरलेल्या माणसाचा होतो तसा.

"मग पूस," ते म्हणाले. "ओलं फडकं घे, वाळायच्या आत पूस, आणि परत काढ." आणि हातानं जमीन चाचपत ते बाजूला सरकले. "झालं की इथे येऊन बस. इथून बघायचं असतं."